दिसणे आणि पाहणे

मराठीत आपण 'मी झाड पाहतो' असे म्हणतो, तसेच 'मला झाड दिसते' असेही म्हणतो. ही दोन वाक्ये एका अर्थाची वाटली तरी त्यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात कर्तेपण झाडाकडे जाते आणि माणूस नुसता 'मला' होऊन बाजूला उभा राहतो. 'ऐकू येते', 'वास येतो', 'थंडी वाजते', 'चव लागते' हे सारे प्रयोग याच घाटणीचे आहेत. जग बाहेर सिद्ध आहे, ते आपणहून इंद्रियांच्या दारांतून आत येते, आणि मन हे ओसरीवर बसलेल्या यजमानाप्रमाणे आल्यागेल्याची फक्त नोंद घेते, असा एक समज या भाषेतच मुरलेला आहे. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे' या वाक्यासमोर चावडीवर, कचेरीत आणि घरातही वाद संपतात, ते या समजाच्या बळावरच.

हा समज कितपत खरा आहे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, इंद्रियांच्या दारांतून जग तयार होऊन आत येत नाही. आत येतो तो कच्चा आणि तुटपुंजा माल. त्यातून जग उभे करण्याचे काम मन करते, आणि ते इतक्या झटपट व इतक्या गुपचूप करते की, आपण काही केले आहे याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. हे पटवून घेण्यासाठी परदेशातील प्रयोगशाळांपर्यंत जाण्यापूर्वी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपास हिंडले तरी पुष्कळ काम भागेल. कारण शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर अजिंठ्याच्या डोंगरात या विषयाची एक पाठशाळाच दीड हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलेली आहे.

भर दुपारी अजिंठ्याच्या लेण्यात पाऊल टाकणाऱ्याला पहिला अनुभव येतो तो अंधाराचा. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर भिंतीवर काही चित्रे आहेत की नुसता काळोख आहे, हेही कळत नाही. दहा मिनिटे थांबले की आकृती उमटू लागतात. याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे साठ लाख आहेत. त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना प्रकाश भरपूर लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी सुमारे बारा कोटी आहेत. त्या अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग ओळखता येत नाही. उन्हातून अंधारात गेल्यावर शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जितक्या सरावायच्या तितक्या सरावतात. दंडपेशींना मात्र पुरते सज्ज व्हायला अर्धा तास लागतो. घाईचा प्रवासी पाच मिनिटांत लेणे 'पाहून' बाहेर पडतो, तेव्हा त्याचे डोळे नुकते कोठे कामाला लागलेले असतात!

मंद उजेडात आणखी एक गंमत घडते. उजेड कमी होत गेला की तांबडा रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा त्यामानाने उजळ वाटतो. पुर्किन्ये नावाच्या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे प्रथम नीट नोंदले. अजिंठ्याच्या चित्रांत गेरूचा तांबडा आहे, पिवळी माती आहे, हिरवी माती आहे आणि दूरदेशाहून आलेल्या लाजवर्दाचा निळाही आहे. तेच चित्र, तेच रंग. पण सकाळच्या उजेडात आणि सांजेच्या उजेडात त्यांचे परस्परांशी नाते बदलते. मग चित्राचा 'खरा' रंग कोणता म्हणावयाचा? प्रश्न साधा दिसतो, पण तो सोडविताना डोळ्यावरचा आपला पहिला विश्वास थोडा हलतो.

तरीही येथपर्यंतची गोष्ट डोळ्याची झाली. मनाचे काम पाहावयाचे असेल तर लेणे क्रमांक १ मधील एका खांबाच्या माथ्याकडे पाहावे. तेथे शिल्पकाराने चार हरणे कोरली आहेत आणि त्या चौघांना मिळून मुंडके मात्र एकच दिले आहे. कोणत्याही एका हरणाच्या धडाकडे पाहा. ते मुंडके त्याचेच वाटते आणि हरीण पुरे होते. नजर दुसऱ्या धडाकडे वळवा. तेच मुंडके क्षणात पहिल्याला सोडून दुसऱ्याचे होते. दगड तर तसूभरही हलला नाही. डोळ्यांत शिरणारा प्रकाशही बदलला नाही. बदलला तो मनाने लावलेला अर्थ. शिवाय एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मन एका वेळी एकच अर्थ पसंत करते, आणि जो पसंत करते तो अगदी निःशंकपणे करते. 'हे मुंडके पाव हिश्शाने याचे आहे' असे आपल्याला कधीच दिसत नाही. नेकर या स्विस शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये कागदावर रेघांनी काढलेल्या घनाबद्दल हेच दाखविले. तो घन कधी आपल्याकडे तोंड करतो, कधी पाठ. एकाच वेळी दोन्ही करीत नाही. संशय हा विचाराचा गुण आहे. दृष्टीला तो ठाऊक नाही.

याच लेण्याच्या गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धाची भव्य मूर्ती आहे. मूर्तीवर एका बाजूने दिवा धरला म्हणजे मुद्रा गंभीर वाटते, दुसऱ्या बाजूने धरला म्हणजे ओठांवर स्मित उमटल्यासारखे वाटते, आणि समोरून धरला म्हणजे शांत ध्यानस्थ भाव दिसतो, असे वाटाडे पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांना दाखवीत आले आहेत. दगडाच्या मूर्तीला भाव बदलता येत नाहीत, हे आपण सर्वजण जाणतो. मग बदलते काय? बदलतात त्या सावल्या. आणि सावल्यांवरून उंचसखलपणा ताडण्याची मनाची एक जुनी सवय आहे. आपला प्रकाश बहुधा आकाशातून, म्हणजे वरून येतो. त्यामुळे वरच्या अंगाला उजळ आणि खालच्या अंगाला काळसर अशी गोल आकृती दिसली की मन तिला फुगीर समजते. उलट असेल तर खळगा समजते. दगडात खोदलेल्या अक्षरांचे छायाचित्र उलटे धरून पाहा. अक्षरे खोदल्याऐवजी उठावाची वाटू लागतील. ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासला होता. आणि चेन्नईत शिकलेले, पुढे अमेरिकेत नावारूपाला आलेले डॉ. वि. सु. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये आणखी पुढे जाऊन दाखविले की, सावल्यांचा अर्थ लावताना मन एकच सूर्य गृहीत धरून चालते.

अजिंठ्याच्या चितारांना मनाची ही सवय उत्तम ठाऊक होती. पद्मपाणीचे चित्र सपाट भिंतीवर आहे. पण नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर आणि हनुवटीवर उजळ रंगाचा हात फिरवून आणि कडांना गडद करीत नेऊन त्यांनी तो मुखडा भिंतीतून पुढे आणला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात या कौशल्याला 'वर्तना' असे नाव आहे. चित्रकार भिंतीवर रंग ठेवतो. गोलाई मात्र पाहणाऱ्याच्या मनात तयार होते. सर्व चित्रकला या एका भरवशावर उभी आहे की, पाहणारा आपला वाटा उचलील.

हा वाटा किती मोठा असतो, हे पाहण्यासाठी वाचकांनी एक सोपा प्रयोग घरीच करावा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटर अंतरावर एक ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकावा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच एकटक पाहावे आणि कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण तीस सेंटिमीटरांच्या आसपास ठिपका एकाएकी नाहीसा होतो. डोळ्याच्या पडद्यावर ज्या जागी मज्जातंतूंचा जुडगा बाहेर पडतो, त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात ही जागा शोधून काढली. पण नवल याचे नव्हे की ठिपका गेला. नवल याचे की त्याच्या जागी भोक पडत नाही. तेथे कोरा कागदच दिसतो. शेजारी कागद आहे, तेव्हा येथेही कागदच असणार, असे ठरवून मन ती जागा सारवून टाकते. प्रत्येक डोळ्यात असे एक ठिगळ जन्मभर असते, आणि आपण त्याला ठिगळ म्हणून कधी ओळखत नाही.

याहूनही आश्चर्याची गोष्ट अशी की, कोणत्याही क्षणी आपल्याला स्पष्ट दिसतो तो भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढा. बाकीचे सारे अस्पष्ट असते. डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारून एकेक तुकडा गोळा करतो आणि त्या तुकड्यांची गोधडी मन शिवते. समोरचे सभागृह आपल्याला एकसंध आणि सर्वत्र सारखे स्पष्ट दिसते, ते या शिवणकामामुळे.

रंगाच्या बाबतीत आपल्याकडचे विणकर आणि रंगारी हे अधिकारी पुरुष होत. पैठणच्या पैठणीत आणि येथल्या हिमरूत एका रंगाशेजारी कोणता रंग ठेवला म्हणजे तो खुलतो आणि कोणता ठेवला म्हणजे मरतो, हे ज्ञान हाताहातांतून चालत आले आहे. त्याची शास्त्रीय मांडणी फ्रान्समध्ये झाली, ती एका तक्रारीतून. पॅरिसच्या गोबलँ येथील गालिच्यांच्या सरकारी कारखान्यात रंगाईखात्याचे प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे गाऱ्हाणे आले की काळे सूत फिके पडते. त्याने सूत तपासले तेव्हा काळा रंग चोख निघाला. दोष होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. त्यांच्या संगतीत काळा निस्तेज दिसत होता. १८३९ मध्ये त्याने या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. माणसाप्रमाणे रंगही शेजाऱ्यावरून ओळखला जातो, असे त्याचे सार सांगता येईल. मन सुटा रंग मोजीत नाही. ते तुलना करते. शहरातल्या बीबी-का-मकबऱ्याचेही असेच झाले आहे. ताजमहाल मनात घेऊन येणाऱ्याला तो ताजची उणी प्रत दिसतो; कोरे मन घेऊन येणाऱ्याला तीच इमारत आपल्या डौलाने सुंदर दिसते.

आतापर्यंत डोळ्याविषयीच बोललो, पण कानाची गोष्टही निराळी नाही. 'टाळ' आणि 'ताळ', 'पाट' आणि 'पात' यांतला भेद मराठी कानाला लख्ख ऐकू येतो. इंग्रजी वातावरणात वाढलेल्या माणसाला मात्र ट आणि त यांतला फरक पुष्कळ प्रयत्नानेही ऐकू येत नाही. त्याचे कान अधू आहेत काय? कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील ट आणि त ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना कळला. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आतच मनाने निवाडा दिला की, आपल्या घरात या भेदाचे काम पडत नाही, तेव्हा तो ऐकण्याचे कारण नाही. आपण जे ऐकतो ते कानाने ऐकतो खरे, पण कशाकडे कान द्यावयाचा हे आपल्या माणसांनी आपल्याला आधीच शिकविलेले असते.

पाहणेही असेच शिकावे लागते काय? सतराव्या शतकाच्या अखेरीस मॉलिनो या आयरिश गृहस्थाने तत्त्ववेत्त्या लॉकला एक प्रश्न विचारला होता. जन्मांध माणूस हाताने चाचपून गोल आणि घन ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली तर हात न लावता, केवळ पाहून, तो गोल कोणता आणि घन कोणता हे सांगू शकेल काय? तीन शतके हा प्रश्न वादाचा राहिला. त्याला प्रत्यक्ष उत्तर मिळण्यास भारतातील मुले कारण झाली. अमेरिकेत अध्यापन करणारे डॉ. पवन सिन्हा यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात 'प्रकाश' हा प्रकल्प सुरू केला. जन्मापासून दृष्टीला मुकलेल्या, पण उपचार होऊ शकणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया करावयाची आणि त्यांना दिसू लागताना मन काय करते याचाही अभ्यास करावयाचा, असा हा दुहेरी उपक्रम. २०११ मध्ये अशा पाच मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू नुसती पाहून ओळखता आली नाही. पण थोड्याच दिवसांत ती कला त्यांना साधू लागली. डोळे उघडल्याने प्रकाश आत येतो. त्यातून वस्तू उभी करण्याची विद्या मनाला अनुभवानेच मिळवावी लागते.

आता तत्त्वविचाराकडे वळू. इंद्रियांनी दिलेले आणि मनाने त्यावर चढविलेले यांची फारकत करण्याचा खटाटोप युरोपात अलीकडचा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६७ साली पूर्ण केलेल्या आपल्या दृष्टिविषयक महाग्रंथात असे मत मांडले की, पाहणे हे एक प्रकारचे अनुमानच आहे, फक्त ते आपल्या नकळत घडते. पण आपल्याकडे हा विचार त्याच्याही तेरा-चौदा शतके आधी मोठ्या कसोशीने झाला होता. आणि त्याचा एक धागा थेट अजिंठ्याशी जुळतो. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूने महाराष्ट्राच्या वर्णनात डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचा उल्लेख केला आहे. त्याच्या दाराशी दोन दगडी हत्ती असल्याचे तो सांगतो आणि पूर्वी दिङ्नाग आचार्य या विहारात वरचेवर राहत असत, असेही लिहितो. हा विहार म्हणजे अजिंठाच, असे अनेक विद्वान मानतात. लेणे क्रमांक १६ च्या पायथ्याशी असलेले दोन हत्ती आजही पाहावयास मिळतात.

हा दिङ्नाग पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेला बौद्ध तर्कशास्त्रज्ञ. 'प्रमाणसमुच्चय' या ग्रंथात त्याने प्रत्यक्षाची जी व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा की, ज्यात कल्पना मिसळलेली नाही तेवढेच ज्ञान प्रत्यक्ष. कल्पना म्हणजे येथे स्वप्नरंजन नव्हे. समोरच्या गोष्टीला नाव देणे, तिला एखाद्या जातीत बसविणे, तिला गुण किंवा क्रिया चिकटविणे, या सर्व व्यापारांना त्याने कल्पना म्हटले. डोळ्यांसमोर काही पांढरे आले, एवढे प्रत्यक्ष. 'ही गाय आहे' हा मनाचा उद्योग. नैयायिकांना ही फारकत इतक्या टोकाला नेणे मान्य नव्हते. त्यांनी प्रत्यक्षातच निर्विकल्प आणि सविकल्प अशा दोन पायऱ्या मानल्या. नाव-जात नसलेली पहिली, आणि नाव-जातीसह स्पष्ट झालेली दुसरी. शेकडो वर्षे चाललेल्या या वादात कोण जिंकले, हा प्रश्न आम्ही येथे घेत नाही. पण ज्या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचे एकमत दिसते तो महत्त्वाचा आहे. 'काहीतरी दिसणे' आणि 'ते अमुक आहे असे दिसणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चूक शिरते ती दुसरीत. संधिप्रकाशात दोरी पाहून साप दिसतो, शिंपली पाहून चांदी दिसते. लांबट, वेटोळे, काळसर असे जे डोळ्यांनी दिले ते खोटे नव्हते. 'साप' ही भर मनाची.

यावर कोणी म्हणेल की, असे असेल तर सारेच जग भ्रम झाले. मग डोळ्यांवर विश्वास ठेवावयाचाच कशाला? हा निष्कर्ष उतावळा आहे. मन जी भर घालते ती मनमानी नसते. ती आजवरच्या अनुभवाची शिल्लक असते आणि शंभरात बहुतेक वेळा ती बरोबर ठरते. प्रकाश खरोखरच बहुधा वरून येतो. अंध ठिगळाच्या जागी खरोखरच बहुधा कागदच असतो. अंधारात वेटोळे दिसल्यावर पुरावा गोळा करीत उभ्या राहिलेल्या आपल्या पूर्वजापेक्षा दचकून मागे सरलेला पूर्वज अधिक काळ जगला असेल, हे उघड आहे. मन घाई करते, कारण जगण्याला घाई असते. आणि चुकीची परीक्षाही आपल्या हाती आहे. दिङ्नागाच्या परंपरेतील धर्मकीर्तीने कसोटी सांगितली ती व्यवहाराची: जे ज्ञान कामाला उतरते, फसवीत नाही, ते प्रमाण. मृगजळ कितीही पाण्यासारखे दिसले तरी त्याने तहान भागत नाही. दिवा आणावा, जवळ जावे, काठीने हलवून पाहावे; दोरी असेल तर ती दोरीच निघेल.

पण येथेच एक अडचण आहे. काही भ्रम दिवा आणल्यावर मावळतात, काही मावळत नाहीत. म्यूलर-लायर याने १८८९ मध्ये दाखविलेल्या दोन सारख्या लांबीच्या रेघा पाहा. एकीच्या टोकांना बाणाप्रमाणे मागे वळलेले फाटे, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले फाटे. फूटपट्टीने मोजून दोन्ही सारख्या असल्याची खात्री करून घेतली तरी दुसरी लांबच दिसत राहते. ज्ञान झाल्याने डोळा सुधारत नाही. सुधारतो तो निवाडा. 'मला ती लांब दिसते, पण ती लांब नाही' एवढे म्हणण्याची ताकद ज्ञानाने येते. आणि सभ्य समाजाचे पुष्कळसे व्यवहार या 'पण'वर चालतात.

हा 'पण' सुटला की काय होते, याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखविली. काहींना विचारले, 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?' इतरांना विचारले, 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?' आठवड्याने दोन्ही गटांना पुन्हा विचारले की, फुटलेली काच पाहिलीत काय? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हती. 'लागल्या' हा शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी ७ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी १६ जणांनी. ही माणसे खोटे बोलत नव्हती. एका शब्दाने त्यांच्या आठवणीत काच फोडली होती. प्रामाणिक साक्षीदारही चुकीचा असू शकतो, ही गोष्ट न्यायाच्या कामी किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आणि अतिशय दुःखाचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती भटक्या जमातीतील, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. मुले पळविणाऱ्या टोळ्या हिंडत असल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्या पाचजणांना पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत शिरले ते एवढेच: अनोळखी चेहरे, परके कपडे. 'मुले चोरणारे' ही भर आधीच मनात तयार होती. पूर्वी भिक्षेकऱ्याला पाहून जे हात पसाभर धान्य आणीत, तेच हात त्या दिवशी उगारले गेले. आम्ही हे सांगतो ते त्या कृत्याला सबब म्हणून नव्हे. जमावाचा गुन्हा डोळ्यांच्या माथी मारता येणार नाही. दोरीला साप समजणे हे मनाचे काम. पण काठी उचलणे हे माणसाचे काम आहे, आणि या दोहोंच्या मध्ये दिवा आणण्याइतकी सवड प्रत्येक वेळी असते. राईनपाड्यात ती सवड कोणी घेतली नाही.

एखादे मत फार निश्चित वाटू लागले, विशेषतः ते दुसऱ्या माणसाविषयी असले, म्हणजे तीन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घेणे आम्हांला हिताचे वाटते. मला नेमके काय दिसले, आणि त्यातले किती मी जोडले? मी जे जोडले ते अनुभवातून आले, की कोणाच्या सांगण्यावरून? आणि माझी चूक झाली असेल तर तिची किंमत कोण देणार आहे? किंमत आपणच देणार असू, तर घाई एकवेळ क्षम्य आहे. ती दुसऱ्याला द्यावी लागणार असेल, तर दिवा आणल्यावाचून पाऊल उचलू नये.

डोळ्यांना आपण फार काही शिकवू शकत नाही. ते आपल्या जुन्या वाटेनेच जाणार. पण 'मला दिसते' आणि 'तसे आहे' या दोन वाक्यांच्या मध्ये क्षणभर थांबण्याचे शिक्षण कोणत्याही वयात, कोणत्याही नागरिकाला घेता येते. खांबावरचे ते एक मुंडके चारही हरणांना जुळते. जगातही पुष्कळ गोष्टींना एकाहून अधिक धडे जुळतात. जे धड आपल्याला आधी दिसले तेवढेच खरे, असा हट्ट न धरणारा माणस पाहणारा म्हणावा. बाकीच्यांना नुसते दिसत असते.